नवीन टँक, पाणी काचेसारखं, तरी कोळंब्या मरतात: कारण कसं शोधायचं आणि टँक आधी कसा मुरवायचा

तक्रार साधारण सगळ्यांची एकच असते. कुर्ल्याहून नाहीतर क्रॉफर्ड मार्केटातून छोटा टँक आणला, पांढरी खडी, दोन प्लॅस्टिकची झाडं, अँटी-क्लोरीनचे चार थेंब, दोन दिवस पंप चालवला, पाणी एकदम क्लिअर, मग दहा लाल चेरी श्रिंप सोडल्या. पहिल्या दिवशी मस्त फिरतात, घरातली पोरं काचेला नाक लावून बसतात. तिसऱ्या दिवशी एक आडवी, पाचव्या दिवशी अजून दोन, आठवड्याने दगडामागे लपलेली एखादी उरते. पुढच्या रविवारी परत दहा आणतात, परत तेच. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "दो दिन पानी चला के डाल दो, कुछ नहीं होता."

गप्पीला खरंच कदाचित काही होत नाही, तो चिवट मासा आहे. कोळंबीचं तसं नाही. आणि माल खराब होता म्हणून दुकान बदलून उपयोग नसतो, कारण दहापैकी नऊ वेळा भानगड टँकच्या कच्चेपणात असते. क्लिअर पाणी म्हणजे तयार पाणी नव्हे, उलट नव्या टँकमधलं चकचकीत पाणी बघून मला तरी धास्तीच वाटते. लोणचं घातल्या दिवशी कोणी पानात वाढत नाही ना, तसंच हे, मुरायला वेळ लागतो आणि तो वेळ पैसे देऊन फारसा कमी होत नाही.

सगळ्यात आधी बघा की मरतात कधी, कारण अर्धं उत्तर त्यातच असतं. सोडल्यापासून काही तासांत, फार तर पहिल्या दिवसात, सगळ्याच्या सगळ्या वेड्यासारख्या गोल गोल पोहून उलट्या पडल्या तर विष समजा: क्लोरीन, तांबं, डासांचं औषध, किंवा अमोनिया खूपच चढलेला. दोन ते सात दिवसांत एक-एक करून जात असतील तर बहुतेक अमोनिया-नायट्राइट, नाहीतर पाणी एकदम बदलल्यामुळे वेळेआधी कात टाकायला गेल्या आणि मध्येच अडकल्या. महिनाभर बऱ्या होत्या, मग हळूहळू कमी होत गेल्या, पिल्लं दिसतच नाहीत, तर उष्णता, उपासमार किंवा पाण्यात खनिजंच नाहीत. हे तीन प्रकार वेगळे आहेत आणि उपायही वेगळे, पण लोक तिन्हीला एकच करतात, पाणी बदलतात, आणि पाणी बदललं की बऱ्याचदा उरलेल्याही जातात.

आणि हो, मेलेली आणि कात यात गल्लत करू नका. कात म्हणजे पारदर्शक रिकामं टरफल, काचेसारखं, पाठीवर मानेपाशी फाटलेलं, मिशांसकट. मेलेली कोळंबी आतून दुधाळ-गुलाबी होते, ताटातल्या शिजलेल्या कोळंबीचा रंग असतो ना, अगदी तसा. कात काढून टाकू नका, त्या स्वतःच ती खातात, त्यातलं कॅल्शियम परत मिळतं. मेलेली मात्र लगेच काढायची.

आता मुख्य गोष्ट, अमोनिया. कोळंबीची विष्ठा, उरलेलं खाणं, सडलेलं पान, सगळ्याचा शेवटी अमोनिया होतो. जुन्या टँकमध्ये खडीवर, स्पंजवर, काचेवर बसलेले जिवाणू तो अमोनिया खाऊन नायट्राइट बनवतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे थोड्या प्रमाणात चालतं. नव्या टँकमध्ये हे दोन्ही जिवाणू नावालाच असतात. त्यांची वसाहत तयार व्हायला चार ते सहा आठवडे धरा. मुंबईच्या उकाड्यात जरा लवकर होतं, कारण अठ्ठावीस-तीस डिग्रीत जिवाणू खूश असतात, पण दोन दिवसांत काही होत नाही, कोणी कितीही शपथेवर सांगू दे.

अमोनियाचा अजून एक वाईट गुण म्हणजे त्याचं विष पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी नाहीतर अल्कधर्मी आहे यावर, ठरतं. पाण्यात तो दोन रूपांत असतो, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक जहाल. पंचवीस डिग्रीला पीएच ७ असेल तर जहाल रूप एक टक्क्याहूनही कमी असतं, तोच पीएच ८ झाला की पाच टक्क्यांच्या वर जातं. म्हणून एकाच्या टँकमध्ये अर्धा पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग) अमोनियावर कोळंब्या आठवडाभर रेटतात आणि शेजाऱ्याकडे तेवढ्याच अमोनियावर दोन दिवसांत आडव्या होतात. तुमचं लक्ष्य सरळ ठेवा, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीस पीपीएमच्या खाली.

हे कळायला लिक्विड टेस्ट किट लागतं, थेंब टाकून रंग बघायचं. पट्ट्या स्वस्त असतात पण बऱ्याच पट्ट्यांत अमोनिया नसतोच, म्हणजे जे बघायचं तेच नाही. नायट्रेटची टेस्ट करताना दुसरी बाटली जोरजोरात हलवायची, हात दुखेपर्यंत, तिच्यातला पदार्थ तळाशी बसतो आणि न हलवता टाकला तर खोटा कमी आकडा येतो. रंग दिवसाउजेडी खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर धरून बघा, ट्यूबलाइटखाली पिवळा आणि हलका हिरवा यातला फरक भल्याभल्यांना कळत नाही.

टँक मुरवायचा कसा? कोळंबी न घालता अमोनिया द्यायचा. सोपा मार्ग म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं आणि सडू द्यायचं, होतं काम, पण किती अमोनिया झाला यावर ताबा राहत नाही आणि खडीवर बुरशीची गादी तयार होते. जुने लोक बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाकायचे, म्हणजे कोळंबी पाळायला आधी कोळंबीच सडवायची, आणि वन बीएचकेमध्ये तो वास दोन दिवसांत हॉलमधून किचनमध्ये जातो, घरच्यांचे शब्द ऐकून घ्यायची तयारी असेल तरच करा. मला आवडणारा मार्ग अमोनियम क्लोराइडचा, म्हणजेच आपला नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नको, त्यात काय काय धातू मिसळलेले असतील सांगता येत नाही. प्रिन्सेस स्ट्रीटला केमिकलची दुकानं आहेत, तिथे शुद्ध, लॅबमध्ये वापरतात तसला मागा.

हिशोब असा. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ४२ लिटर बसतं, खडी-दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ३५ लिटर धरा. १० ग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा, बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. त्यातलं २२ मिलिलिटर ३५ लिटरला टाकलं की अमोनिया साधारण २ पीपीएम येतो. एवढाच पुरे. जास्त टाकलं म्हणजे लवकर होईल असं नाही, पाचाच्या वर गेलं तर जिवाणूच दबतात. मग दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करत राहायचं, अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की परत तेवढाच डोस. पहिले आठ-दहा दिवस काहीच हलत नाही, तेव्हा माणूस वैतागतो, मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतो, तो चढलेलाच राहतो, राहतो, आणि एके दिवशी धाडकन शून्य. डोस दिल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की टँक झाला. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून नायट्रेट खाली आणायचा.

एखाद्या मित्राकडे जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरचा वापरलेला स्पंज मागा, किंवा तो तुमच्या टँकमध्ये पिळा. तो काळा-तपकिरी गाळ बघून किळस येईल पण सोनं आहे ते, निम्मा वेळ वाचतो. फक्त त्याच्याकडे प्लॅनेरिया नाही ना विचारून घ्या. प्लॅनेरिया म्हणजे चपटा, सरपटणारा किडा, डोकं त्रिकोणी बाणासारखं आणि दोन डोळे. हा एकदा आला की पिल्लांना सोडत नाही. बाकी बारीक पांढरे दोऱ्यासारखे किडे किंवा काचेवर टुणटुण उड्या मारणारे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते खाणं जास्त पडतंय एवढंच सांगतात.

आता मुंबईतली खास अडचण. दोन महिने झाले तरी अमोनिया एकावर अडकलाय, खालीच येत नाही, जिवाणूंच्या दोन बाटल्या ओतून झाल्या, हा प्रश्न इथे फार येतो आणि त्याचं कारण बऱ्याचदा आपल्या नळाचं पाणी असतं. भातसा, तानसा, वैतरणा, मोडक सागर, विहार, तुळशी, सगळं तलावात साठलेलं पावसाचं पाणी, त्यामुळे मऊ. प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, पण त्यात केएच कमी असतो, म्हणजे पीएचला धरून ठेवणारा जो क्षार असतो तो कमी. अमोनिया पचवताना जिवाणू हाच क्षार वापरतात. २ पीपीएमचा एक डोस पूर्ण पचला की केएच साधारण अर्धा ते पाऊण डिग्रीने उतरतो (ही डिग्री केएच मोजायची, तापमानाची नव्हे). नळाच्या पाण्यात केएच दोनच असेल तर तीन-चार डोसांत खलास, मग पीएच घसरतो, साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात आणि सहाच्या आसपास जवळपास थांबतात. माणूस मात्र किटकडे बघत बसतो आणि अजून जिवाणूंची बाटली आणतो.

उपाय किचनमध्ये आहे. खायचा सोडा, नुसता सोडा, बेकिंग पावडर नाही आणि इनो तर अजिबात नाही. ३५ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याचा सपाट पाव भाग, टाकला की केएच साधारण एक डिग्री वाढतो. पाण्यात विरघळवून टाका. हे फक्त टँक मुरत असताना, आत कोणी नसताना. कोळंब्या आल्यावर सोडा टाकून पीएच उड्या मारायला लावायचा नाही, आणि तेव्हा टँकमध्ये अमोनियाही असेल तर मुळीच नाही, का ते वर सांगितलंच.

पाणी मऊ असण्याचा दुसरा त्रास कात टाकताना होतो. कवच बनवायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, म्हणजे जीएच. चेरी श्रिंपला जीएच ६ ते ८ आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, १५० ते २५० च्या दरम्यान बरा पडतो. पालिकेचं पाणी माझ्या टीडीएस मीटरवर बहुतेक वेळा शंभरच्या आसपास नाहीतर खाली येतं. अशा पाण्यात कोळंबीच्या मानेमागे पांढरा पट्टा दिसायला लागतो, पूर्ण गोल कडं, कवच पुढे-मागे नीट सुटण्याऐवजी मध्येच फाटून अडकतं आणि बाहेर पडता न आल्याने ती मरते. हे दिसल्यावर त्या कोळंबीला फारसं काही करता येत नाही, बाकीच्यांसाठी करायचं. श्रिंपसाठी मिळणारी जीएच वाढवायची पावडर सगळ्यात बरी, तिच्यात दोन्ही खनिजं असतात. नाहीतर समुद्रफेन, पक्ष्यांच्या दुकानात लव्हबर्डसाठी मिळतो तो, एक तुकडा उकळून टाका. नाहीतर तिसऱ्यांची नाहीतर कालवांची शिंपलं, मांस पूर्ण काढून, घासून, उकळून. त्यातून कॅल्शियम हळूहळू सुटतं, मॅग्नेशियम मात्र फारसं नाही. प्रवाळाचा चुरा विकायला असतो कुठे कुठे, तो घेऊ नका, प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, उगाच कशाला लफडं.

टीडीएस मीटर जरूर घ्या, पण तो एकूण क्षार सांगतो, कुठले ते नाही. बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याचा आकडा चारशे-पाचशे आला तर त्यात मीठही असू शकतं. मे-जूनमध्ये पाणीकपात लागली की सोसायटीत टँकर येतो आणि कोणी सांगत नाही, तुम्ही नेहमीसारखं नळाखाली बादली लावता आणि कोळंब्यांना एका रात्रीत दुसऱ्याच पाण्यात टाकता. म्हणून दर वेळी बादलीत मीटर बुडवायचा, पाच सेकंदांचं काम आहे. सोसायटीची टाकी धुतली असेल तर दोन-तीन दिवस ते पाणी टँकला लावू नका, ब्लीचिंग पावडरचा वास तर येतोच, शिवाय टाकीत डासांच्या अळ्यांसाठी औषध टाकलंय का तेही वॉचमनला विचारा. नुसतं आरओचं पाणीही चालत नाही बरं का, त्यात खनिजंच नसतात. आरओ वापरायचा तर वर पावडर घालावीच लागते.

क्लोरीन काढायला अँटी-क्लोरीन चालतं, किंवा बादलीत एअर स्टोन लावून चोवीस तास ठेवलं तरी साधं क्लोरीन उडून जातं. ती बादली फक्त टँकची ठेवा. ज्यात काल कपडे भिजवले तीच बादली विसळून वापरली तर साबणाचा अंश राहतोच.

विषांकडे वळू, कारण इथे माणसं सगळं बरोबर करूनही हरतात. स्थानिक काचवाल्याकडून टँक बनवून घेत असाल तर त्याला साधा सिलिकॉन लावायला सांगा, बाथरूममध्ये लावतात तो बुरशीरोधक नको, त्यातलं रसायन कोळंबीला मारतं. नव्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर तरी, तसाच ठेवा, मग दोनदा पाणी भरून ओता. टँकखाली थर्माकोलची शीट घाला आणि भिंतीवरच्या शेल्फवर ठेवू नका, ३५ लिटर पाणी, काच, खडी मिळून पन्नास किलोच्या घरात जातं.

तांबं म्हणजे कोळंबीचा शत्रू. गीझरचं पाणी कधीच नको, आत तांब्याची टाकी किंवा नळी असू शकते. माशांच्या बऱ्याच औषधांत, खास करून पांढरे ठिपके आणि गोगलगाय मारायच्या औषधांत, तांबं असतं, म्हणून आधी मासे असलेला जुना टँक कोळंबीसाठी वापरत असाल तर त्यात कधी काय औषध घातलं होतं ते आठवा. सिलिकॉनचे जोड आणि जुनी खडी ते धरून ठेवतात. झाडांचं खतही लेबल वाचून.

आणि डासांचं औषध. लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे, यातली बहुतेक रसायनं पायरेथ्रॉइड जातीची असतात, माणसाला फारसं काही होत नाही पण कोळंबी ही शेवटी किड्यांचीच लांबची नातेवाईक, तिच्यासाठी अगदी थोडं पुरतं. टँक असलेल्या खोलीत मशीन लावू नका, आणि लक्षात घ्या की एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो, म्हणजे झाकण लावलं तरी आत जातंच. पावसाळ्यात खाली धुराची फवारणी करणारे आले, तो भर्र आवाज ऐकू आला की खिडक्या बंद, पंप बंद, टँकवर ओला टॉवेल, आणि धूर पूर्ण विरला की लगेच सगळं परत चालू. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टँक त्या दिवशी नातेवाइकांकडे हलवलेला बरा.

झाडं आणतानाही तेच. नर्सरीतल्या पाणवनस्पतीवर गोगलगाय आणि किडे येऊ नयेत म्हणून फवारणी झालेली असू शकते. आणल्यावर वेगळ्या बादलीत दोन आठवडे ठेवा, दर एक-दोन दिवसांनी पाणी बदलत. घाई असेल तर टिश्यू कल्चरची, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेली, सीलबंद कपातली घ्या, त्यांवर काही नसतं, फक्त जेली धुवायची. जावा मॉस, अनुबियास, जावा फर्न, हॉर्नवर्ट, एवढं पुरे, महागड्या झाडांच्या मागे लागू नका. मनी प्लांटची फांदी मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी लटकवली तरी नायट्रेट छान ओढते.

फिल्टर स्पंजचाच. टांगायचा पॉवर फिल्टर असेल तर त्याच्या तोंडाला बारीक स्पंज लावा, नाहीतर पिल्लं आत खेचली जातात आणि तुम्ही म्हणत राहता की अंडी तर दिसली होती. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही, नाहीतर सहा आठवड्यांची मेहनत सिंकमध्ये जाईल. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत उलटं पाणी न येऊ देणारा व्हॉल्व्ह टाका, लाइट गेली तर पाणी पंपात येऊन जमिनीवर सांडतं.

टेस्ट शून्य आल्या म्हणजे लगेच कोळंब्या आणायच्या का? मी म्हणेन अजून दोन-तीन आठवडे थांबा. कोळंबी दिवसभर जे टिपत बसते ना, ते म्हणजे दगडा-पानांवरचा बुळबुळीत थर, जिवाणू, शेवाळ, सूक्ष्म जीव. नव्या टँकमध्ये तो नसतो, आणि वरून घातलेलं खाणं त्याची जागा घेत नाही, पिल्लांना तर नाहीच. म्हणून काचेवर तपकिरी पावडर आली, लाकडावर पांढरी कापसासारखी बुरशी आली, की लोक ब्रश घेऊन तुटून पडतात ते थांबवा. समोरची काच पुसा, बाकी तीन बाजू तशाच राहू द्या. पाणी अचानक दुधाळ झालं तरी तेच, जिवाणूंचा उद्रेक असतो, हात लावला नाही तर काही दिवसांत आपोआप निवळतो.

हा थर वाढवायला देशी बदामाची पानं उत्तम. मुंबईत जवळपास प्रत्येक जुन्या सोसायटीत, बागेत हे झाड असतं. झाडावरून गळलेलं, लाल-तपकिरी, पूर्ण सुकलेलं पान घ्या, हिरवं नको, रस्त्याच्या कडेचं धुरकट नको, आणि सोसायटीत फवारणी झाली असेल तर त्या आठवड्यात नको. धुवून, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून टाकायचं, छोट्या टँकला एक पान बास. पाणी चहाच्या रंगाचं होतं, होऊ द्या. पंधरा-वीस दिवसांत कोळंब्या त्या पानाची नुसती जाळी करतात, शिरा तेवढ्या उरतात, बघायला मजा येते.

उन्हाळ्याचं काय? चेरी श्रिंप चोवीस-पंचवीसला मजेत असतात, अठ्ठावीसपर्यंत चालवून घेतात, तीसच्या वर गेलं की खाणं कमी, अंडी धरणं बंद, मग एकेक जायला लागते. तापलेल्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, पंचवीस डिग्रीला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम, तीसला साडेसात. टँकवर छोटा पंखा रोखून ठेवला तर बाष्पीभवनाने पाणी थंड होतं, पण पुण्यात जेवढं उतरतं तेवढं आपल्या दमट हवेत नाही, दीड-दोन डिग्री मिळाले तरी खूप. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घाला, नळाचं नको, कारण पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात, नळाचं घालत राहिलात तर टीडीएस हळूहळू चढत जातो. टँक खिडकीच्या उन्हात आणि फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. बर्फ टाकू नका, तापमानाच्या उड्या उष्णतेपेक्षा वाईट. नवीन माणसाने टँक एप्रिल-मेमध्ये न भरता पाऊस स्थिरावल्यावर किंवा दिवाळीनंतर भरावा हे माझं मत. आणि क्रिस्टल रेड नावाच्या कोळंबीच्या नादी तर लागूच नका, ती कॅरिडिना जात, तिला थंड, आम्लधर्मी पाणी लागतं, चिलरशिवाय मुंबईत तिचे हालच.

आणायचा दिवस. पहिल्या खेपेला पाच-सहाच आणा, बारीक, अर्ध्या वाढीच्या. मोठ्या झालेल्या कोळंब्या दिसायला लाल भडक असतात पण वयस्क असतात, एक-दीड वर्षाचं तर एकूण आयुष्य, नव्या पाण्यात त्या पटकन दमतात. दुकानात टँकच्या तळाशी मेलेल्या पडलेल्या दिसतायत का बघा, आणि दुकानदाराला त्यांचं पाणी मीटरने मोजू द्यायला सांगा, नाही म्हणाला तर पिशवीतलं घरी येऊन मोजा. तुमच्या टँकचा टीडीएस १८० आणि पिशवीतला ४००, असं असेल तर घाई म्हणजे मरण.

पिशवी तासभरात आणली असेल तर कोळंब्या पाण्यासकट वाडग्यात घ्या, एअर पंपाची नळी टँकमधून वाडग्यात सोडा, नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब ठेवा आणि दीड-दोन तास तसंच चालू द्या. वाडगं भरत आलं की अर्धं ओता आणि परत. कुरिअरने दोन दिवस प्रवास करून आली असेल तर मात्र इतका वेळ लावू नका, बंद पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पीएच उतरलेला असतो म्हणून तो गप्प असतो, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा वेळी वीस-पंचवीस मिनिटांत आटपा. दोन्ही वेळा पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, कोळंब्या बारीक जाळीने उचलायच्या.

पहिले दोन दिवस लाइट बंद, खाणं नाही. लपून बसतील, रंग फिका पडेल, तो टँकवरचा राग नाही, प्रवासाचा शीण आहे. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या पालकाचं नखाएवढं पान, तेही चांगलं धुतलेलं, दोन-तीन तासांत उरलेलं काढून टाका. पुढे आठवड्यातून दोनदा खाणं बास. पाणी आठवड्याला दहा-पंधरा टक्के, त्याच तापमानाचं, त्याच टीडीएसचं, हळूहळू नळीने. पहिले दहा दिवस रोज अमोनिया आणि नायट्राइट बघा. पाव पीपीएम जरी दिसला तर खाणं बंद करा, पाचवा भाग पाणी बदला, दुसऱ्या दिवशी परत मोजा. या पाच-सहा जणी महिनाभर टिकल्या, दोनदा कात टाकली, एखादीच्या शेपटीखाली अंडी दिसली, की मग बाकीच्या आणायला कुर्ल्याला जा.